मंदावलेले फोन, तापलेले वाद

२०१७च्या भाऊबीजेला मी निफाडला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळाच्या बशा आल्या आणि ताईने आपला मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "बघ रे जरा. हल्ली फार रेंगाळतो हा. नंबर दाबला की आधी विचार करतो, मग लावतो." फोन ताईचा म्हणजे मूळचा भाचीचा. पुण्यात नोकरी लागल्यावर तिने नवा घेतला आणि हा आईकडे आला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या फोनचे नेमके काय बिघडले होते हे कधीच तपासले गेले नाही, आणि न तपासता नाव घेण्याच्या सवयीबद्दलच मला लिहायचे आहे.

भाचीचे निदान तयार होते. "मामा, मुद्दाम करतात हे. नवं मॉडेल बाजारात आलं की जुन्या फोनला अपडेट पाठवून हळू करायचं, म्हणजे माणूस कंटाळून नवा घेतो. सगळ्यांना माहीत आहे."

'सगळ्यांना माहीत आहे' हे शब्द कानावर पडले की माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. एका पतसंस्थेत मी तेवीस वर्षे हिशेब तपासले. संख्याशास्त्र शिकलो ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेल्या क्रमिक पुस्तकांवर, रात्रीच्या जेवणानंतर. पदवी नसलेल्या माणसाला आकड्यांचा जरा जास्तच अभिमान असतो, तसा तो मलाही आहे. त्यातून योगायोग असा, की त्याच महिन्यात फ्यूचरमार्क या कंपनीने एक विश्लेषण प्रसिद्ध केले होते. फोन-संगणकांचा वेग मोजणारी चाचणी-सॉफ्टवेअर बनवणे हा तिचा धंदा. आयफोनच्या सात मॉडेलांवर लोकांनी घेतलेल्या लाखाहून अधिक चाचण्यांच्या नोंदी तिच्याकडे होत्या. त्यांच्या सरासरीचा आलेख जवळजवळ सपाट होता. ग्राफिक्सच्या चाचणीत फरक नाही, प्रोसेसरच्या चाचणीत किंचित उतार, तोही रोजच्या वापरात जाणवू नये इतका. म्हणजे जुने आयफोन मंद होत नव्हते. मी तो आलेख भाचीला दाखवला, ही शहरी अंधश्रद्धा आहे असे ठणकावले आणि चकलीचा तुकडा मोडला. भाची गप्प झाली. ताई म्हणाली, "असेल बाबा. माझ्याच मनाचे खेळ असतील."

दोन महिने पुरे व्हायला एक दिवस बाकी होता तेव्हा, २० डिसेंबर २०१७ रोजी, ॲपलने मान्य केले, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग कंपनीच्याच अपडेटमुळे कमी केला जातो.

मी हरलो हे उघड आहे. पण भाची जिंकली का, हा प्रश्न तेवढा सोपा नाही. गेली काही वर्षे या वादातली कागदपत्रे, निवेदने, आलेख, दंडाचे निकाल जमतील तसे वाचत आलो. वाद त्या एका कंपनीचा असला, तरी ग्राहकोपयोगी तंत्रज्ञानावर आपण ज्या तावातावाने भांडतो, त्या भांडणाची रीत इथे जितकी स्पष्ट दिसते तितकी मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

घराणे पाहण्याची रीत

हा आरोप २०१७चा नव्हे आणि फोनपुरताही नव्हे. विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९२४च्या अखेरीस जिनिव्हात 'फीबस' नावाची युती केली, बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणायचे ठरवले आणि जास्त टिकणारे बल्ब विकणाऱ्या सदस्यांना दंड लावला. हे कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. त्यामुळे कंपन्या माल मुद्दाम लवकर म्हातारा करतात असे कुणी म्हटले, तर त्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही. अडचण पुढच्या उडीत आहे. बल्बवाल्यांनी केले, म्हणून फोनवाल्यांनीही केलेच असणार, हा पुरावा होत नाही. हा संशयाला मिळालेला आधार झाला.

फोनच्या बाबतीत या संशयाला पहिले वजनदार रूप आले ते २०१४मध्ये. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखात हार्वर्डच्या लॉरा ट्रुको या पीएचडीच्या विद्यार्थिनीने काढलेले आलेख मांडले. 'आयफोन स्लो' असे शोधणाऱ्यांची संख्या दर वेळी नवा आयफोन येतो तेव्हा एकदम उसळी घेते, असे त्या आलेखात दिसत होते. सॅमसंगच्या गॅलक्सी फोनांसाठी तशी उसळी नव्हती. वादातल्या एका बाजूने हा आलेख झेंड्यासारखा फडकवला. मुल्लैनाथन यांनी स्वतः मात्र तसे काही म्हटले नव्हते. नव्या आयफोनबरोबर नवी प्रणालीही येते, ती नव्या यंत्रासाठी बेतलेली असते, जुन्या यंत्रावर ती जड जाणे साहजिक आहे. शिवाय नवे मॉडेल दिसले की आपला फोन जुना वाटू लागतो, तो मनाचाही भाग असेल. आणि ॲपल यंत्र व प्रणाली दोन्ही स्वतः बनवते, सॅमसंग प्रणाली गूगलची घेते. म्हणून दोघांचे आलेख वेगळे. लोकांना फोन मंद वाटतो एवढे या विदेतून कळते, का वाटतो ते कळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आलेख सर्वांनी पाहिला. त्याखालचा मजकूर फार थोड्यांनी वाचला असावा.

वादातल्या दोन्ही बाजूंचे युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवले की गंमत दिसते. एक बाजू म्हणते, 'ही कंपनी असे करणारच, तिचा स्वभावच तो.' दुसरी म्हणते, 'ही कंपनी असे करणारच नाही, ग्राहकाची इतकी काळजी दुसरे कोण घेते?' म्हणजे भांडण फोनचे नाहीच, ते चारित्र्याचे आहे. स्थळ पाहताना आपल्याकडे मुलाआधी घराणे पाहतात, तसा हा प्रकार. हजारो माणसांनी मिळून चालवलेल्या, अनेक विभागांत वाटलेल्या, तिमाही ताळेबंदावर जगणाऱ्या एका व्यवस्थेला आपण एक माणूस कल्पितो आणि मग तो माणूस सज्जन की लबाड यावर रात्र रात्र जागवतो. 'भक्त' आणि 'द्वेष्टे' ही विशेषणे इथूनच येतात. त्यांच्यामुळे बोलणाऱ्याचे म्हणणे तपासायची गरजच उरत नाही. त्याची जात कळली की पुरे.

या दोघांखेरीज तिसरी एक जमात असते आणि मी तिच्यातला. आम्ही दोन्ही बाजूंना हसतो. आम्ही म्हणतो, आकडे दाखवा. ही भूमिका चुकीची नाही, पण तिच्यातही एक आळस दडलेला असतो, त्याकडे मी पुढे येतोच.

गिरणी आणि गल्लीतले दिवे

आधी यंत्राचे बघू. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा दोन गोष्टी घडतात. पहिली सर्वांना ठाऊक आहे: तिच्यात चार्ज कमी मावतो. दुसरी फारशी कुणाला ठाऊक नसते: तिचा अंतर्गत रोध वाढतो. याचा अर्थ समजायला माझ्या लहानपणची नाशिकची गल्ली पुरेशी आहे. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याने मोटर सुरू केली, की आजूबाजूच्या घरांतले दिवे क्षणभर लाल पडायचे. सुरू होताना मोटर एकदम जास्त प्रवाह खेचते, तारांच्या रोधामुळे दाब घसरतो आणि बिचारे दिवे मंदावतात.

फोनमध्ये प्रोसेसर ही गिरणी. कॅमेरा उघडला, खेळ सुरू केला, की तो क्षणभर मोठा प्रवाह मागतो. नवी बॅटरी तो सहज देते. जुनीचा दाब मात्र घसरतो, आणि ठरावीक पातळीच्या खाली गेला की आतले भाग जपण्यासाठी फोन बंद होतो. पडद्यावर तीस-चाळीस टक्के चार्ज दिसत असताना बंद होतो, म्हणून माणूस चक्रावतो. थंडीत बॅटरीचा रोध आणखी वाढतो, त्यामुळे हिवाळ्यात हे जास्त घडते.

२०१६च्या हिवाळ्यात नेमके हेच आयफोन ६एसच्या बाबतीत गाजले. चीनमधल्या ग्राहक संघटनेने जाहीर तक्रार केली. ॲपलने सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५मध्ये बनलेल्या मर्यादित फोनांच्या बॅटऱ्या फुकट बदलून देण्याची योजना जाहीर केली. पण त्या तुकडीबाहेरचेही फोन बंद पडत होते. जानेवारी २०१७मध्ये आयओएस १०.२.१ हा अपडेट आला. फेब्रुवारीत कंपनीने सांगितले, की या अपडेटमुळे अचानक बंद पडण्याचे प्रमाण ६एसमध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त आणि ६मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त घटले आहे.

बॅटरी तीच, प्रोसेसर तोच, आणि तरी नुसत्या अपडेटने बंद पडणे एवढे घटले. कसे? हे तेव्हा कंपनीने सांगितले नाही आणि, माझ्यासह, विचारायला हवे होते त्यांच्यातल्या बहुतेकांनी विचारले नाही. उत्तर असे होते, की बॅटरी थकलेली आढळली तर प्रोसेसरच्या कमाल वेगाला लगाम घालायचा. गिरणीवाल्याला सांगायचे, मोटर निम्म्या वेगाने फिरव, म्हणजे दिवे जाणार नाहीत. पीठ दळून व्हायला वेळ लागेल, एवढेच.

अभियांत्रिकी म्हणून हा उपाय मला आजही योग्यच वाटतो. रस्त्यात अडकलेल्या माणसाला बंद फोनपेक्षा हळू फोन बरा. मला कुणी विचारले असते तर मीही हळू चालणाराच निवडला असता. फक्त मला विचारले गेले असते, तर.

सरासरीआड

डिसेंबर २०१७च्या सुरुवातीला एका ग्राहकाने आपल्या मंद झालेल्या ६एसची बॅटरी बदलली. गीकबेंच या चाचणीत त्याच्या फोनला आधी १४६६ गुण मिळत होते. बॅटरी बदलल्यावर २५२६ मिळाले. एका फोनची ही नोंद. एका फोनवरून काही सिद्ध होत नाही, हे मी तेव्हा म्हटलेही असते.

पण ती नोंद जॉन पूल यांच्या नजरेस आली. टोरांटोतल्या प्रायमेट लॅब्जचे ते संस्थापक, गीकबेंच त्यांचीच. त्यांच्याकडेही फ्यूचरमार्कप्रमाणे लोकांनी घेतलेल्या चाचण्यांचा मोठा साठा होता. १८ डिसेंबरला त्यांनी तो मांडला, आणि त्यांनी जे केले ते इतके साधे होते, की वाचून मला अजूनही शरम वाटते. त्यांनी सरासरी काढली नाही. प्रत्येक प्रणाली-आवृत्तीवर किती फोनांना किती गुण मिळाले याची विभागणी काढली.

आयओएस १०.२ वरच्या ६एसचा आलेख म्हणजे एकच उंच शिखर होते. बहुतेक सगळे फोन एकाच वेगाचे, जसे असायला हवेत तसे. १०.२.१ वर त्या शिखराच्या डावीकडे, कमी गुणांच्या बाजूला, छोट्या छोट्या टेकड्या उगवल्या. ११.२ वर त्या टेकड्या आणखी मोठ्या झाल्या. आयफोन ७च्या आलेखात ११.१.२ पर्यंत एकच शिखर, आणि ११.२ येताच टेकड्या.

या टेकड्यांचा आकारच साक्षीदार आहे. यंत्रे नुसती झिजून मंद झाली असती, तर शिखर डावीकडे पसरट ओघळले असते. कुणी थोडे मंद, कुणी जास्त. इथे ठरावीक जागी वेगवेगळे उंचवटे होते, म्हणजे वेग पायऱ्यापायऱ्यांनी उतरवलेला होता. आणि ते आवृत्ती बदलताच उगवले होते. हे झिजेचे लक्षण नाही. हे कुणीतरी लिहिलेल्या नियमाचे आहे. पूल यांनी तसाच निष्कर्ष काढला. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली, जी पुढच्या सगळ्या गदारोळात मागे पडली: असा फोन हाती असलेला माणूस बॅटरी बदलण्याचा विचार करणार नाही, तो फोनच बदलण्याचा विचार करील.

मग फ्यूचरमार्कचा सपाट आलेख खोटा होता का? मुळीच नाही. समजा, दहा फोन आहेत. आठांना प्रत्येकी २५०० गुण मिळतात, दोघांना १५००. सरासरी येते २३००. आठ टक्क्यांची घट, डोळ्यांत न भरणारी. त्या दोघांच्या मालकांसाठी मात्र घट चाळीस टक्के आहे. 'आयफोन मंद होतात का' या प्रश्नाला सरासरी प्रामाणिकपणे 'फारसे नाही' म्हणते. 'कुणाचा आयफोन मंद झाला' हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो. त्यातही माझा अंदाज असा, की फोनची चाचणी घेण्याची हौस असणाऱ्यांत नव्या, धडधाकट फोनचे मालक जास्त असतात. निफाडच्या स्वयंपाकघरातला, दुसऱ्या हातात गेलेला फोन त्या साठ्यात कशाला येतोय?

शरम वाटते ती यासाठी, की हे मला पुस्तकातून शिकायचे नव्हतेच. पतसंस्थेची एकूण थकबाकी टक्केवारीत बरी दिसते म्हणून मी कधी सही केली नाही. शाखावार यादी मागायचो, मग कर्जदारवार यादी मागायचो. दोन शाखा पार बुडालेल्या असताना एकूण आकडा हसरा दिसतो, हे मी कितीदा पाहिले होते. फोनच्या बाबतीत यादी मागितली नाही, कारण आकडा माझ्या बाजूचा होता. 'आकडे दाखवा' म्हणणाऱ्यांचा आळस म्हणालो तो हा. आम्ही आकडा मिळाला की थांबतो.

दोघेही जिंकले

ॲपलच्या कबुलीनंतर दोन्ही पक्षांनी गुलाल उधळला. द्वेष्टे म्हणाले, आम्ही सांगतच होतो. भक्त म्हणाले, बघा, तुमच्याच भल्यासाठी केले होते. माझ्या मते दोघांनाही गुलाल शोभत नव्हता.

नवा फोन विकण्यासाठी जुना मुद्दाम मंद केला, हा मूळ आरोप होता. तो हेतू आजवर सिद्ध झालेला नाही. कंपनीने तो सतत नाकारला. वेग कमी होतो हे निरीक्षण बरोबर निघाले, कारण दुसरेच निघाले. खरे तर आरोप करणाऱ्यांना अपडेट आणि नवे मॉडेल एवढेच दिसत होते. बॅटरीकडे त्यांचे लक्षही नव्हते. चुकीच्या वाटेने बरोबर गावी पोचलेल्या माणसाने वाटाड्या म्हणून मिरवू नये.

पण बचाव करणाऱ्यांचे म्हणणे मला त्याहून जास्त खटकते. 'भल्यासाठी' केलेली गोष्ट सांगायला काय हरकत होती? पडद्यावर एक ओळ आली असती, की तुमची बॅटरी थकली आहे, म्हणून वेग कमी ठेवला आहे, बॅटरी बदलल्यास पूर्ववत होईल, तर हा वाद जन्मलाच नसता. बॅटरी तेव्हा अमेरिकेत ७९ डॉलरला बदलून मिळत होती. नवा फोन त्याच्या कित्येक पट. रोगाचे नाव दडवले की रोगी चुकीचे औषध विकत घेतो, आणि इथे चुकीचे औषध विकणारा दुकानदारही तोच होता.

हेतूवर भांडणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की हेतू सिद्ध करण्याची गरजच नव्हती. लाभ कुणाला झाला हे पाहिले तरी पुरते. २८ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि बॅटरीचा दर वर्षभरासाठी २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८मध्ये आयओएस ११.३ आली, तिच्यात बॅटरीची तब्येत दिसू लागली आणि वेगाचा लगाम काढण्याची सोयही मिळाली. मग २ जानेवारी २०१९ रोजी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिले. तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरवरून ८४ अब्जांवर आणावा लागत होता. मुख्य कारण चीनमधली मंदी दिले होते. पण नवे आयफोन अपेक्षेइतके न खपण्याच्या कारणांत एक हेही होते, की स्वस्तात बॅटरी बदलून मिळाल्याचा फायदा काही ग्राहकांनी घेतला. हा कागद मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. मुद्दाम केले असे तो म्हणत नाही. पण लोकांना बॅटरीचे कळले तर नव्या फोनांची विक्री घटते, हे तो कंपनीच्याच शब्दांत सांगतो.

सरकारी यंत्रणांनीही हेतूच्या फंदात न पडता माहितीवर बोट ठेवले. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण खात्याने फेब्रुवारी २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला, तो अपडेटमुळे फोन मंद होऊ शकतो हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, दोष मान्य न करता. ते पैसे ग्राहकांच्या हाती पडायला २०२४ उजाडले. तोवर त्यांतल्या किती जणांकडे तो फोन उरला असेल?

दुसऱ्या घराण्याची गोष्ट

कंपन्यांचे चारित्र्य पाहणाऱ्यांसाठी या कथेचा उत्तरार्ध फार उपयोगी आहे. ॲपलची कबुली आली तेव्हा सॅमसंगने, आणि इतर काही कंपन्यांनीही, आपण असले काही करत नाही असे जाहीर केले. मे २०१८मध्ये सॅमसंगची एक जाहिरात आली: मंद झालेल्या आयफोन ६ला वैतागलेली तरुणी शेवटी गॅलक्सी घेते. भारतातही ती पुष्कळांनी पाहिली आणि एकमेकांना पाठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला आणि त्याच दिवशी सॅमसंगलाही पन्नास लाखांचा. नोट ४ या जुन्या फोनवर नव्या मॉडेलसाठी बेतलेली प्रणाली उतरवायला ग्राहकांना उद्युक्त केले, त्याने फोन बिघडत होते, आणि हे सांगितले नाही, असा ठपका होता. जाहिरात पाठवणाऱ्यांपैकी कुणी मला हा निकाल पाठवला नाही.

२०२२मध्ये त्याहून विलक्षण प्रकार उघडकीला आला. सॅमसंगच्या फोनांतली खेळांसाठीची म्हणून असलेली एक सेवा हजारो ॲपचा वेग आखडता ठेवते आणि वेग मोजणाऱ्या चाचण्यांना मात्र त्यातून वगळते, असे दक्षिण कोरियातल्या ग्राहकांच्या लक्षात आले. म्हणजे तपासनीस आला की दप्तर चोख, गेला की पुन्हा जैसे थे. गीकबेंचने गॅलक्सी एस१० ते एस२२ या मालिका आपल्या तक्त्यांतून काढून टाकल्या. कंपनीने अपडेट देऊन निवड ग्राहकाच्या हाती दिली.

हे मी सॅमसंगची निंदा म्हणून लिहीत नाही. तसे केले तर मीही घराणे पाहणारा ठरेन. मला पोटात गोळा आणणारी गोष्ट वेगळी आहे. पूल यांनी २०१७चे सत्य बाहेर काढले, कारण चाचणीत मंद फोन मंद दिसला. चाचणी चालू आहे हे ओळखून फोन त्या वेळेपुरता धावू लागला, तर विभागणीचा आलेखसुद्धा एकच देखणे शिखर दाखवील. मग उरतो तो फक्त वापरणाऱ्याचा अनुभव, ज्याला आम्ही आकडेवाले मनाचे खेळ म्हणतो.

आपल्याकडे फोन घरातल्या घरात उतरत जातो. मुलाकडून आईकडे, आईकडून घरकामाला येणाऱ्या बाईंकडे. प्रत्येक पायरीवर बॅटरी आणखी थकलेली असते आणि तक्रार ऐकून घेणारे आणखी कमी असतात. असा फोन ज्याच्या हाती शेवटी येतो, तो या वादात कधी बोलत नाही. त्याच्या वतीने नवा फोन हातात असलेले लोक भांडतात.

२०१८च्या भाऊबीजेला मी ताईला सगळे सांगितले, गिरणी आणि दिव्यांसकट. भाचीही होती. ती म्हणाली, "मामा, म्हणजे मी बरोबर होते की नाही?" मी म्हणालो, "निम्मी." तिला ते फारसे पटले नाही. ताई मात्र आत निघाली होती ती थांबली. "थंडीचं म्हणतोस ते खरं असेल बघ. त्या आधीच्या हिवाळ्यात पहाटे अंगणात गेले की बंदच पडायचा तो. घरात येऊन चुलीपाशी जरा ठेवला की चालू. मला वाटायचं, दव लागतंय."

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. हे तू मला गेल्या वर्षी का सांगितले नाहीस, असे मी विचारले. "तू विचारलंस कुठे? तू मला चित्र दाखवत होतास."

मी फोन मागितला. तो दसऱ्यालाच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता.